दोन्ही बाह्या एकाच हाताच्या

नलूकाकूच्या कात्रीला हात लावायची परवानगी आमच्या घरात दोघींनाच होती, एक तिला स्वतःला आणि दुसरी मला. ताईनं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, सुनंदानं, एकदा त्या कात्रीनं वहीला घालायचा खाकी कागद कापला, तर काकू तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. काळ्या मुठीची ती जड कात्री काकूनं माहेराहून, हिंगणघाटहून आणलेली. लोकांच्या सुना भांडी आणतात, आमच्या नलूनं कात्री आणली, असं आई आल्यागेल्याला हसून सांगायची. त्या हसण्यात कौतुक किती आणि टोचणी किती हे मला तेव्हा कळत नव्हतं. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. दिसायला काडी, आवाज मात्र खणखणीत, आणि ओळखीच्या सगळ्या मराठी घरांतली पोलकी, परकर, झबली तिच्या हातची. कोणाची सून माहेरपणाला आली की पहिल्या आठवड्यात आमच्याकडे एक पिशवी यायची. पिशवीत नवं कापड आणि मापाचं जुनं पोलकं असायचं. काकू ते पोलकं जमिनीवर पसरायची, त्याच्याकडे डॉक्टर बघतात तसं बघायची आणि म्हणायची, "वजन वाढवून आली बाई." तिचा अंदाज कधी चुकला नाही.

आम्ही शहराबाहेर, हिंदी मुलखातल्या महाराजपुरात राहत होतो. आज तिथं घरांना घरं चिकटली आहेत, पण तेव्हा मागच्या दारातून पाऊल टाकलं की मटाराचं शेत लागायचं. सकाळी बाबांच्या कारखान्याचा भोंगा, त्यामागोमाग आईच्या स्टोव्हचा फर्रर्र आवाज आणि नऊच्या सुमाराला काकूचं मशीन, असा आमचा दिवस सुरू व्हायचा. काकू मशीन इतकं एका लयीत चालवायची की ते थांबलं तरच आम्ही मान वर करायचो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडण झालं की दोन्ही. आई पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा करायची तेव्हा शेजारच्या तिवारी चाची वाटी घेऊन भिंतीपाशी उभ्या राहायच्या आणि "दीदी, वो आपका पत्तोड़ी वाला" म्हणायच्या. रविवारी बाबा शहरातून खोव्याची जिलबी आणायचे. काळसर, जाड, एक खाल्ली की दुपारचं जेवण नको. माझी नात आता मोबाईलवरून तीच जिलबी मागवते, दारात येते तीस मिनिटांत. चव तीच आहे. वाट बघण्याची सवय गेली, एवढंच. मला त्याचं फारसं दुःख नाही, कारण वाट बघायला मला कधीच आवडलं नाही.

मी डावखुरी. आज ही गोष्ट मी सहज सांगते, पण त्या वेळी घरात ती एक अडचण होती. वाढायला डावा हात चालायचा नाही, प्रसाद घ्यायला चालायचा नाही, हळदीकुंकू लावायला तर नाहीच. एवढं सगळं मी उजव्यानं शिकले. पण कापायला, लिहायला आणि कोणाला चापट मारायला माझा डावाच हात पुढे यायचा. आई कपाळावर हात मारायची. काकू मात्र माझ्या बाजूनं उभी राहिली. "राहू द्या नं वहिनी. कापड काय विचारून राहिलं का तिला, कोणत्या हातानं कापतेस म्हणून?" असं ती आईला म्हणाली तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या एका वाक्यावर मी तिची झाले. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि काकूपाशी बसायचं, मग तिनं उठवेपर्यंत उठायचं नाही. ती कात्री उजव्या हातासाठी घडवलेली. डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापलं जाण्याऐवजी चावलं जातं. काकूनं मला अंगठा आत ओढून पाती दाबायला शिकवलं. तरी माझ्या कापण्याची कड थोडी दातेरी यायचीच. काकूची कड ब्लेडनं कापावी तशी सरळ. "आत शिवणीत जाते कड, कोण बघते?" ती म्हणायची. सोळाव्या वर्षापर्यंत मी पोलकं पूर्ण कापू लागले होते, आणि मला ठाऊक होतं की मला ते येतं. चढेल म्हणा हवं तर. येतं त्याला येतं म्हणण्यात मला तेव्हाही लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी साखरपुड्यालाच मोरपंखी शालू दिला. पोलक्याचं कापड त्यातलंच, डाळिंबी काठाचं, अंगभर जरी. तेवढंच एक कापड. नवरीचं पोलकं घरातल्याच बाईनं शिवायचं, बाहेर मास्टरकडे द्यायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत होती, म्हणून ते काकूकडे आलं. तिनं पाठ आणि पुढचे भाग कापले. कापड तोकडं होतं. उरलेले दोन तुकडे सुटे सुटे होते, घडी घालून एकदम दोन्ही बाह्या काढता येणार नव्हत्या, एकेका तुकड्यातून एकेक काढावी लागणार होती. आई, ताई आणि नागपूरहून आलेली मावशी, सगळ्यांच्या देखत काकू म्हणाली, "बाह्या मंदा कापेल."

आईचा चेहरा बदलला. "नवरीचं कापड आहे, नलू. डाव्या हातानं..."

"माझी जबाबदारी," काकू म्हणाली.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहून दाखवणं मला जमणार नाही. एवढंच सांगते की रात्री अंथरुणावर पडल्यावर मी छताकडे बघत हवेत बाह्या कापत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बसले. शिवणकाम न येणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पोलक्याच्या दोन बाह्या सारख्या नसतात. बाहीचा पुढचा गोल जास्त खोल असतो, मागचा कमी. म्हणून उजवी बाही आणि डावी बाही एकमेकींच्या उलट कापायच्या. साध्या कापडावर चूक झाली तर कापड पालटून घेता येतं. जरीच्या कापडाच्या मागच्या बाजूला धागे लोंबत असतात, ते पालटता येत नाही. पहिली बाही कापून झाली की ती पालथी घालून तिच्यावरून दुसरी कापायची, उताणी ठेवायची नाही. हे मला पाठ होतं. मी पहिली बाही कापली, उचलून उजेडात बघितली, आणि तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा झाला, "नल आ गया! नल आ गया!" उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला दुपारी तासभर पाणी यायचं आणि घरात पाहुणे बारा. मी कात्री ठेवली, बादल्या उचलल्या आणि पळाले. काकू तिथंच बसली होती, हूक लावत.

पाऊण तासानं ओली होऊन परत आले तर खोलीत आई, मावशी आणि ताई उभ्या होत्या. जमिनीवर दोन बाह्या शेजारी शेजारी पसरलेल्या. दोन्ही उजव्या हाताच्या. ताई रडत होती. मला आधी काही समजेना. मी म्हणाले, "मी एकच कापली होती."

"अगं, तूच तर कापल्या दोन्ही," काकू म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "नळ आला तशी दुसरी भराभर उरकली आणि पळाली. मी हूक लावून राहिली होती, माझं लक्ष नव्हतं."

"नाही काकू, मी एकच..."

"घाईत लक्षात राहत नाही बेटा. होते असं."

आई म्हणाली, "म्हणूनच म्हणत होते मी. डावा हात." ती ओरडलीसुद्धा नाही. खूप दिवसांपासून माहीत असलेली गोष्ट शेवटी घडली, तसं म्हणाली. मग काकू उठली, आईच्या हाताला धरून म्हणाली, "तिला काही बोलू नका वहिनी. माझंच चुकलं. मी तिच्यावर भरवसा ठेवला." मावशीनं काकूच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांसमोर काकू मोठी झाली आणि मी लहान. संध्याकाळपर्यंत काकू शहरात जाऊन डाळिंबी रंगाचं साधं साटन घेऊन आली आणि त्याच्या बाह्या तिनं लावल्या. आई म्हणाली, निदान त्या वाया गेलेल्या बाह्यांचा जरीचा काठ तरी काढून लाव. काकू म्हणाली, "नको. बिघडलेलं कापड परत नवरीच्या अंगावर नको." ते सगळ्यांना पटलं. लग्न लागलं, जेवणं उठली, ताई कटनीला सासरी गेली.

आणि मी माझ्या डोक्यात ती दुपार परत परत चालवत बसले. एक बाही कापली, उजेडात धरली, नळ आला. बरोबर? की एक कापली, दुसरी कापली, नळ आला? पहिल्यांदा मला खात्री होती. आठव्या दिवशी खात्री अर्धी झाली. महिन्याभरानं मला चक्क दुसरी बाही कापतानाचा माझा हात दिसू लागला. म्हातारपणी लोक विसरतात म्हणून घाबरतात. मी सोळाव्या वर्षी न घडलेलं आठवायला लागले होते. त्याहून वाईट काही असेल असं मला अजून वाटत नाही. कारण काकू खोटं बोलेल ही शक्यता माझ्या मनात आलीच नाही. माझा हात खोटा असू शकतो, माझे डोळे खोटे असू शकतात, काकू नाही. मग त्याचा संसर्ग सगळीकडे झाला. कडी लावली की नाही बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत यायची. भाजीत मीठ घातलं का हे आईला विचारायची, तर आई म्हणायची, "तूच घातलं नं आत्ता? काहून विचारून राहिली?" डाव्या हातानं काही करायला घेतलं की तो हात मला परक्याचा वाटायचा. मी उजव्यानं लिहायला लागले. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं यायचं, पण मला वाटायचं, निदान हा हात कोणाचं काही बिघडवणार नाही.

काकू या काळात माझ्याशी फार चांगली वागली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांना वाटतं, दगा देणारा माणूस पाठ फिरवतो. ती माझ्या ताटात जास्तीची पातोडी टाकायची. केस विंचरून द्यायची. माझ्यासाठी तिनं न मागता एक फुलाफुलांचं झंपर शिवलं. ती माझ्यावर रागावली नाही, या उपकारानं मी तिच्यावर आधीपेक्षा जास्त जीव लावला. फक्त कात्री मात्र ती माझ्या हातात देईना, आणि मी मागेना.

जूनमध्ये बाबांनी एक फॉर्म आणला. मुलींसाठी दोन वर्षांचा शिवण आणि कटिंगचा सरकारी अभ्यासक्रम होता. पास झालं की शाळेत शिवणाची बाई म्हणून लागता यायचं. हे मला कितव्या वर्षापासून हवं होतं ते बाबांना ठाऊक होतं. ते कमी बोलायचे, पण फॉर्म आणताना तो फाटू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधून आणला होता. मी म्हटलं, "बाबा, माझा हात भरवशाचा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हाताचा भरवसा आपण ठेवायचा असतो, बेटा. तो काय स्वतःहून देते?"

तरी मी तो भरला नाही. तारीख निघून गेली. पुढची तुकडी जानेवारीत होती. तेव्हाही भरायचा नाही असं माझं ठरलेलं होतं. त्या वेळी कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला शिवण आवडतच नाही.

डिसेंबरात ताई डोहाळजेवणासाठी यायची होती. दिवस मटाराचे होते. घरात जिथं बघावं तिथं शेंगांची टोपली, आणि उसळ, कचोरी, भात, सगळ्यात मटार. आईला बाळासाठी मऊ दुपटी शिवायची होती. ती मला म्हणाली, "नलूच्या कतरणीच्या गाठोड्यातून जुनं मऊ सुती बघ काही." काकू तिवारी चाचींकडे शेंगा सोलायला गेली होती. मी ते उरल्यासुरल्या तुकड्यांचं गाठोडं गच्चीवर उन्हात नेऊन सोडलं. तळाशी काकूचा एक जुना परकर घट्ट गुंडाळी करून ठेवलेला. मऊ होता म्हणून उलगडला, तर आतून त्या दोन बाह्या निघाल्या.

मी सहा महिन्यांत त्या बघितल्या नव्हत्या. पुन्हा गुंडाळायला घेतल्या. ठेवून देणार होते. पण हात कापडावरून फिरला, सवयीनं कडेवरून फिरला, आणि थांबला. एका बाहीची कड दातेरी होती. जरीचे बारीक धागे ओढले गेले होते, माझ्या डाव्या हातातली कात्री चावते तसे. दुसरीची कड ब्लेडनं कापावी तशी सरळ.

मी दोन्ही उन्हात धरल्या. परत बघितल्या. माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, म्हणून खाली गेले, स्वयंपाकघराजवळ टांगलेली ती कात्री पहिल्यांदा न विचारता घेतली आणि वर आले. गाठोड्यातला एक जरीचा तुकडा डाव्या हातानं कापला. दातेरी. मग उजव्यानं कापला. उजव्यानं तर मला धड कापताच येईना, कड सापासारखी वाकडी गेली. त्या सरळ बाहीच्या जवळपास पोचणारं काही माझ्या कोणत्याच हातातून निघालं नाही, आणि घरात ती कात्री चालवणारी दुसरी एकच बाई होती.

राग नंतर आला. आधी मला इतका आनंद झाला की मी गच्चीवर एकटी मोठ्यानं हसले. मी एकच कापली होती! मी म्हणत होते तेच खरं होतं. मला वेड लागलं नव्हतं, माझा हात चुकला नव्हता, माझं डोकं ठिकाणावर होतं. त्या हसण्याच्या मध्येच कुठंतरी मला रडू फुटलं, आणि मग राग आला, तो चांगला पाय रोवून आला.

काकू परत आली तेव्हा आई देवळात गेली होती. काकू ओट्यापाशी सोललेल्या मटारांची टोपली ठेवत होती. मी दोन्ही बाह्या तिच्यासमोर ओट्यावर ठेवल्या आणि कडेवर बोट ठेवलं. काही बोलावं लागलं नाही. शिवणारी बाई होती ती. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"कधी कापली?" मी विचारलं.

"तू पाण्याला गेली तेव्हा." तिनं टोपली बाजूला सारली. "बाहेर वहिनी बोलून राहिल्या होत्या मावशीशी, की नलूला पोरीच्या भरवशावर टाकायची काय गरज होती. मला वाटलं, पटकन उरकून टाकू, तू आली की सगळ्यांना सांगू, हिनंच कापल्या दोन्ही, तुझं कौतुक होईल. पालथी घालायची राहिली. पहिली हातातच होती, ती उताणी ठेवली आणि दुसरी कापली."

"मग मी विचारलं तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"तू या घरची पोर आहेस मंदा." आता तिला कढ आवरेना. "तुला दोन दिवस बोलतील आणि विसरतील. मला नसते विसरले. मी काय आणलं होतं या घरात? एक कात्रीच नं? तीही चुकली म्हटल्यावर..."

मला आजही तिचं हे म्हणणं पटतं. खरंच पटतं. सासरी आलेल्या बाईची किंमत कशावर तोलली जाते हे मी पुढं स्वतः पाहिलं. पण पटणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं आणि त्या पोरीचा मला अभिमान आहे.

"ते विसरले, काकू," मी म्हटलं. "मी नाही विसरले. मी सहा महिने मीठ घातलं का ते विचारून राहिली आईला. तुला दिसत होतं. तू मला पातोडी वाढून राहिली होतीस."

तिनं पदर तोंडाला लावला. "काय करू सांग."

"सगळ्यांसमोर सांग. मी नाही सांगणार. तू सांग."

"सांगेन," ती म्हणाली. कधी ते म्हणाली नाही.

मी वाट बघत बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कारखान्यात निघाले तेव्हा सायकलपाशी जाऊन म्हटलं, "बाबा, जानेवारीच्या तुकडीचा फॉर्म आणाल?" त्यांनी "अच्छा" म्हटलं आणि पायडल मारलं. कोपऱ्यावर वळताना मागं वळून बघितलं, तेवढंच. संध्याकाळी फॉर्म आला, तसाच वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो मी डाव्या हातानं भरला, एकही खाडाखोड न करता. काकू शेजारच्या खोलीत मशीन चालवत होती. ते मध्येच थांबलं, मग सुरू झालं.

इथं थोडं पुढचं सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाटायला नको की आम्ही गळ्यात गळे घातले. काकूशी माझं बोलणं कधी तुटलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन शहरातल्या विजय नगरात आले. तिच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत तिच्या हाताला कंप सुटला, तेव्हा तिची पोलकी मीच शिवली. माप घेताना ती हात वर करून मुकाट्यानं उभी राहायची. तिच्यावर माझा जीव होता का, तर होता, ती गेली तेव्हा मी आईच्या वेळेइतकीच रडले. भरवसा होता का, तर नाही, परत कधीच नाही. तिनं "दूध तापवलंय" म्हटलं तरी मी झाकण काढून बघायची. हे दोन्ही एका माणसाबद्दल एकाच वेळी असू शकतं, आणि त्यानं माणूस मोडत नाही. माझ्या शिवणाच्या क्लासमधल्या पोरी कोणी फसवलं की येऊन रडतात आणि विचारतात, "मैडम, मुझमें ही कुछ कमी थी क्या?" मी त्यांना आधी एकच विचारते, "तुला काय आठवतं? ते लिहून काढ. आजच्या आज."

त्या डिसेंबरात ताईच्या डोहाळजेवणाला पंधरा-वीस बायका जमल्या. ताई हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. ओटी भरून झाली, गाणी झाली, आता ताटं मांडायची होती. मधल्या खोलीत आई, मावशी, ताईच्या सासूबाई, तिवारी चाची, सगळ्या एकमेकींच्या वरताण बोलत होत्या. काकू जिलबीचं मोठं पितळी ताट दोन्ही हातांत धरून दारात आली आणि तिथंच उभी राहिली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती आईकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "वहिनी, सुनंदाच्या लग्नातल्या त्या बाह्या मी बिघडवल्या होत्या. मंदानं नाही. मी खोटं बोलली."

खोली गप्प झाली. आईनं भुवया आक्रसल्या, मावशीकडे बघितलं आणि म्हणाली, "कोणत्या बाह्या?"

"पोलक्याच्या. शालूच्या. दोन्ही एकाच हाताच्या कापल्या गेल्या होत्या."

"अच्छा, ते!" ताई हसली. "अगं, ती साटनची बाही सगळ्यांना किती आवडली होती! काय हो आई?" असं तिनं सासूबाईंना विचारलं. सासूबाई म्हणाल्या, हो तर, जरीची बाही टोचते, साधी बरी. तिवारी चाचींनी विचारलं, क्या हुआ, आणि मावशी म्हणाली, "कुछ नहीं, ब्लाउज की बात है." आई म्हणाली, "नलू, ताट घेऊन उभी काहून? गार होऊन राहिली जिलबी." आणि गप्पा जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं सुरू झाल्या.

काकू दारातच होती. जे सांगायला तिला सहा महिने धीर झाला नाही, ज्याच्या भीतीनं तिनं माझा हात माझ्यापासून तोडला, त्याला त्या खोलीत एवढीशीही किंमत नव्हती. ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिला बहुतेक वाटलं असावं की मी आता "जाऊ दे" म्हणेन. बायका म्हणतात तसं. मी उठले, पाटांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले.

"मी ऐकलं, काकू," मी म्हणाले, आणि तिच्या हातातलं जड ताट घेतलं.